सात गोळ्यांचा खजिना

‘मॅगझीन’ म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा दिवाळी अंक आठवतो, आणि परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या मंडळाची स्मरणिका. अमेरिकेत मात्र क्रीडासाहित्याच्या एखाद्या मोठ्या दुकानात हाच शब्द उच्चारला, तर विक्रेता आपल्याला पुस्तकांच्या फळीकडे न नेता काचेच्या कपाटाकडे नेतो आणि विचारतो, “कोणत्या पिस्तुलासाठी हवंय?”

शब्द एकच आहे आणि त्याचं मूळही एकच. अरबी भाषेत ‘मखझन’ म्हणजे साठवणीची जागा, कोठार. हा शब्द भूमध्य समुद्राच्या बंदरांतून युरोपात शिरला आणि इंग्रजीत येईपर्यंत ‘मॅगझीन’ झाला. आधी मालाचं कोठार, मग दारूगोळ्याचं कोठार असा त्याचा प्रवास झाला. १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह यांनी ‘जंटलमन्स मॅगझीन’ हे मासिक काढलं. त्यात निरनिराळ्या मजकुराचा साठा, म्हणून त्याचं नाव मॅगझीन. त्याच अरबी धातूपासून निघालेला दुसरा शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला, तो म्हणजे ‘खजिना’. म्हणजे आपल्या हातातली ही स्मरणिका, मंडळाचे खजिनदार आणि पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी झाली! (खजिनदारांनी कृपया हे मनावर घेऊ नये.)

हा लेख त्यातल्या तिसऱ्या नातेवाईकाविषयी आहे. ‘कोल्ट १९११’ या पिस्तुलाचं नाव अमेरिकन इतिहासात वारंवार येतं. त्याच्यावर पुस्तकं लिहिली गेली, ते चित्रपटांतून झळकलं, आणि २०११ साली तर युटा राज्याने त्याला राज्याचं अधिकृत शस्त्र म्हणून मान दिला. पण त्याच्या मुठीतल्या पातळ पत्र्याच्या पेटीकडे फारसं कोणी बघत नाही. आणि गंमत अशी, की पिस्तूल ऐन वेळी चालणार की दगा देणार, हे बहुतेक वेळा त्या पेटीवरच ठरतं.

फिलिपिन्सचा धडा

१८९८ साली स्पेनचा पराभव करून अमेरिकेने फिलिपिन्स बेटं ताब्यात घेतली. तिथल्या लोकांना एका मालकाच्या जागी दुसरा मालक नको होता, त्यामुळे १८९९ मध्ये युद्ध पेटलं. १९०२ साली ते संपल्याचं अमेरिकेने जाहीर केलं, तरी दक्षिणेकडच्या बेटांवर मोरो लोकांचा प्रतिकार १९१३ पर्यंत चालूच राहिला. आपल्या भूमीसाठी लढणाऱ्यांकडे पराक्रम असतो आणि परक्या फौजेकडे हत्यारं असतात, ही कथा आपल्याला काही नवीन नाही.

अमेरिकन सैनिकांकडे त्या वेळी .३८ कॅलिबरची रिव्हॉल्व्हर होती. गोळ्या लागूनही समोरचा मोरो योद्धा तलवार घेऊन पुढे येतच राहतो, अशा तक्रारी सैन्याकडे येऊ लागल्या. तेव्हा १९०४ साली जॉन थॉम्प्सन आणि सैन्याचे डॉक्टर लुई लागार्ड या दोन अधिकाऱ्यांवर चौकशी सोपवली गेली. शिकागोच्या कत्तलखान्यांत गुरांवर आणि वैद्यकीय प्रेतांवर त्यांनी निरनिराळ्या गोळ्यांचे प्रयोग केले. वाचतानाही अंगावर काटा येतो. त्यांचा निष्कर्ष असा निघाला, की सैनिकाच्या हातातल्या पिस्तुलाची गोळी .४५ इंचापेक्षा, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटरपेक्षा, बारीक असू नये.

युटाचा कारागीर

इथे जॉन मोझेस ब्राउनिंग रंगमंचावर येतात. १८५५ साली युटामधल्या ऑग्डेन गावी एका मॉर्मन बंदूक-कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या दुकानातच ते काम शिकले आणि आयुष्यभरात त्यांनी १२८ पेटंट मिळवली. १९२६ साली बेल्जियममधल्या कारखान्यात काम करता करताच त्यांचं निधन झालं.

ब्राउनिंग यांच्या आधीही मुठीत मॅगझीन असलेलं पिस्तूल होतं. ह्यूगो बोर्खार्ट यांनी १८९३ साली ते बनवलं होतं. पण ते अवजड होतं आणि सैनिकाच्या रोजच्या वापराला गैरसोयीचं. ब्राउनिंग यांनी .४५ कॅलिबरचं नवं काडतूस तयार केलं. त्यातली गोळी सुमारे १५ ग्रॅमची, म्हणजे .३८च्या गोळीच्या जवळजवळ दीडपट. त्या काडतुसाभोवती त्यांनी कोल्ट कंपनीसाठी पिस्तूल रचलं.

सैन्याच्या चाचण्या १९०७ पासून चालू होत्या. शेवटी कोल्ट आणि सॅव्हेज असे दोनच उमेदवार उरले. मार्च १९११ मध्ये निर्णायक परीक्षा झाली. प्रत्येक पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडायच्या होत्या. दर शंभर गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊ द्यायचं, दर हजारानंतर साफ करून तेल घालायचं. सॅव्हेजचं पिस्तूल या परीक्षेत ३७ वेळा अडखळलं, तर कोल्ट एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकन सैन्याने ते स्वीकारलं, आणि त्या सालाचंच नाव त्याला कायमचं चिकटलं.

पण हे यश एकट्या पिस्तुलाचं नव्हतं. सहा हजार गोळ्या सात-सातच्या हप्त्यांनी चढवायच्या, म्हणजे साडेआठशेहून अधिक वेळा मॅगझीन बसवावं आणि काढावं लागतं. त्यातल्या प्रत्येक वेळी सातही काडतुसं योग्य उंचीवर, योग्य कोनात आणि योग्य क्षणी वर यायला हवीत. परीक्षेला बसलं होतं पिस्तूल, पण सोबत पेटीचीही परीक्षा झाली होती.

पत्र्याची साधी पेटी?

वरवर पाहिलं तर मॅगझीनमध्ये चारच गोष्टी असतात. पोलादी पत्र्याची चपटी नळी, आत वळणावळणाची स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना वर रेटणारी पट्टी, आणि खाली तळ. या रेटणाऱ्या पट्टीला ‘फॉलोअर’ म्हणतात. नळीच्या वरच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात. त्या वरच्या काडतुसाला धरून ठेवतात, म्हणून त्यांना ‘ओठ’ म्हणतात.

गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, झटक्याने मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि लगेच पुढे येते. येताना ती ओठांतून वरचं काडतूस ढकलत नेते. ओठांनी काडतूस लवकर सोडलं तर ते उधळून वाकडं होतं. उशिरा सोडलं तर त्याचं नाक खाली राहून अडकतं. स्प्रिंग ढिली असेल तर काडतूस वर यायच्या आत स्लाइड त्याच्यावरून निघून जाते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘इंटरफेस’ म्हणतो, तो हाच. दोन्ही बाजू आपापल्या जागी उत्तम असून चालत नाही, त्यांचं एकमेकींशी जुळावं लागतं.

ब्राउनिंग यांच्या मूळ मॅगझीनचे ओठ लांब आणि पुढे हळूहळू रुंदावत जाणारे होते. त्यामुळे काडतूस एकदम न सुटता अलगद सुटायचं, आणि सुटण्याआधीच त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकायची. म्हणजे एका हाताने दुसऱ्या हातात द्यावं आणि मधे कुठेही सोडू नये, तसं. फॉलोअरवर एक बारीकसा उंचवटाही होता. पेटीत एकच काडतूस उरलेलं असताना धक्क्याने ते आपसूक पुढे घसरू नये, एवढंच त्याचं काम.

सुरुवातीच्या सैनिकी मॅगझीनचा रंगही दुहेरी असे, खाली निळसर काळा आणि वर फिकट. ती शोभा नव्हती. ओठ वाकू नयेत म्हणून वरचा भाग वेगळा तापवून कडक करत, त्याची ती खूण होती. अगदी पहिल्या मॅगझीनच्या तळाला एक कडीही असे. घोडेस्वाराने धावत्या घोड्यावर मॅगझीन बदललं तर ते पडून हरवू नये, म्हणून तिला दोरी बांधायची सोय. पुढे घोडे गेले आणि कडीही गेली.

सैनिकाकडे एक मॅगझीन पिस्तुलात आणि दोन पट्ट्यावरच्या पाकिटात, अशा एकूण २१ गोळ्या असत. त्या किती मोलाच्या होत्या, हे ८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्सच्या आर्गोन जंगलात दिसलं. टेनेसीचा शेतकरी अॅल्विन यॉर्क याच्यावर एक जर्मन अधिकारी आणि पाच शिपाई संगिनी रोखून धावून आले. यॉर्कने पिस्तूल काढलं आणि सगळ्यात मागच्याला आधी टिपलं, मग त्याच्या पुढच्याला. रानटर्की टिपताना तो हीच युक्ती वापरायचा, म्हणजे पुढच्यांना मागे काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. समोर सहा माणसं आणि पेटीत सात गोळ्या. एक जरी काडतूस अडकलं असतं, तर अमेरिकेच्या इतिहासातली ही प्रसिद्ध कथा आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

टाइपरायटरवाले, शिलाई यंत्रवाले आणि दाढीवाले

दुसऱ्या महायुद्धात पिस्तुलांची मागणी इतकी वाढली, की एकट्या कोल्टला ती झेपेना. सरकारने मग इतर कारखाने कामाला लावले. शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीने फक्त ५०० पिस्तुलं बनवली. आज ती संग्राहकांच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाची आहेत. रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल कंपनी यात उतरली. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावची इथाका गन कंपनीही उतरली. (आपल्यापैकी अनेकांना हे गाव कॉर्नेल विद्यापीठामुळे माहीत असेल.) आणि सर्वांत जास्त, जवळजवळ नऊ लाख पिस्तुलं बनवली ती रेमिंग्टन रँड या टाइपरायटरच्या कंपनीने.

रेमिंग्टन हे नाव ऐकून ज्यांनी मराठी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या त्यांचे कान टवकारले असतील. देवनागरी टंकलेखनात ‘रेमिंग्टन’ ही अक्षरांची मांडणी अनेक वर्षं रूढ होती, आणि संगणक आल्यावरही ती टिकून राहिली. माझ्या व्यवसायबंधूंसाठी आणखी एक गंमत. याच रेमिंग्टन रँडने १९५० साली एकर्ट आणि मॉकली यांची संगणक कंपनी विकत घेतली, आणि १९५१ साली ‘युनिव्हॅक’ हा संगणक ग्राहकाच्या हाती दिला. पिस्तूल, टाइपरायटर आणि संगणक, हे सगळं एकाच नावाखाली!

मॅगझीनचं काम तर आणखी लहान कारखान्यांकडे गेलं. कनेक्टिकटमधली पितळी बटणं बनवणारी स्कोव्हिल ही त्यातली एक, विजेवर चालणारे दाढीचे रेझर बनवणारी जनरल शेव्हर ही दुसरी. मॅगझीनच्या तळावर किंवा ओठाशी कोरलेल्या एखाद्या अक्षरावरून ते कोणी बनवलं, हे जाणकार आजही ओळखतात. सैन्याची अट एकच होती. कुठल्याही कारखान्याचं मॅगझीन कुठल्याही कारखान्याच्या पिस्तुलात चाललं पाहिजे. बटणवाल्याची पेटी टाइपरायटरवाल्याच्या पिस्तुलात बसली आणि चालली. युद्ध जिंकण्यात या शिस्तीचा वाटा फार मोठा होता, असं मला वाटतं.

सात की आठ?

युद्धानंतर ही शिस्त हळूहळू सैल झाली. १९५०च्या दशकात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी खेळाडू वेगळ्या आकाराची गोळी वापरू लागले. तिचं नाक गोल नसून छाटल्यासारखं असतं, त्यामुळे कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजणं सोपं जातं. ही गोळी आखूड असल्याने ब्राउनिंग यांच्या लांब ओठांतून नीट सुटेना. मग काही उत्पादकांनी काडतूस लवकर आणि एकदम सोडणारे ओठ बनवले. काहींनी मधला मार्ग काढला. अशा रीतीने एकाच पिस्तुलासाठी तीन प्रकारचे ओठ बाजारात आले.

१९७६ साली जेफ कूपर यांच्या पुढाकाराने ‘आयपीएससी’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पळत, वळत, वेळेशी स्पर्धा करत नेम साधण्याच्या खेळाला रूप आलं. या खेळात मॅगझीन बदलायला लागणारा अर्धा सेकंदही महाग. म्हणून १९८०च्या दशकात सातच्या जागेत आठ काडतुसं बसवण्याचे प्रयत्न झाले. पण नळीची लांबी तीच राहिली, तर आठव्या काडतुसाला जागा कुठून आणायची? फॉलोअर बारीक करून आणि स्प्रिंगची जागा आटवून. कारागीर हुशार असेल तर हे उत्तम साधतं, नाही तर शेवटच्या काडतुसाला रेटायला स्प्रिंगमध्ये जोर उरत नाही. अशा वेळी वाढवलेली एक गोळीच बाकीच्या सातांना अडवून बसते.

आजही १९११साठी मॅगझीन निवडताना जाणते लोक हाच इतिहास उलट क्रमाने वाचतात. आपण कोणती गोळी वापरणार, हे आधी ठरवायचं. सैन्याची गोल नाकाची असेल तर मूळ वळणाचे ओठ चांगले, छाटलेल्या नाकाची असेल तर लवकर सोडणारे. आठची हाव धरताना स्प्रिंगचा जोर तपासायचा. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडून राहते का, ते बघायचं, कारण तसं घडवणं हे फॉलोअरचंच काम. प्रत्येक मॅगझीनवर क्रमांक घालायचा, म्हणजे अडखळलं तर दोष पिस्तुलाचा की तीन नंबरच्या पेटीचा, हे कळतं. स्प्रिंग थकली की बदलायची. ओठ वाकले की ती पेटी सरळ मोडीत काढायची, कारण ती झिजणारीच वस्तू आहे. हजार डॉलरचं पिस्तूल वीस डॉलरच्या पेटीमुळे नाव घालवतं, हा तिथला नेहमीचा अनुभव.

निवडीत कायद्याचाही भाग असतो. १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझीन बनवायला बंदी होती. त्यामुळे सात गोळ्यांच्या जुन्या १९११ला पुन्हा भाव आला. न्यूयॉर्क राज्याने २०१३ साली मॅगझीनमध्ये सातहून अधिक गोळ्या भरायला मनाई केली होती. सातची मर्यादा त्याच वर्षाअखेर न्यायालयाने रद्द केली, दहाची मात्र राहिली. प्रत्येक राज्याचा नियम निराळा असल्याने गाडीने राज्याची सीमा ओलांडताना तो माहीत असलेला बरा.

वाळूने शिकवलेलं

१९८५ मध्ये अमेरिकन सैन्याने १९११च्या जागी पंधरा गोळ्यांचं बेरेटा पिस्तूल घेतलं. पंधरा गोळ्या बसतात त्या दुहेरी रांगेमुळे. तिची मुळंही ब्राउनिंग यांच्यापर्यंत पोचतात. त्यांचे बेल्जियन सहकारी द्यूदोने सेव्ह यांनी दुहेरी रांगेचं मॅगझीन रचलं, आणि त्यावर आधारलेलं ‘हाय पॉवर’ पिस्तूल १९३५ साली तेरा गोळ्या घेऊन आलं. भारतीय सेनादलांसाठी इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल याच हाय पॉवरचा अवतार. म्हणजे युटाच्या त्या कारागिराची विद्या बंगालपर्यंत पोचली.

बेरेटाची कहाणी मात्र पुन्हा पेटीवरच येऊन थांबली. २००३ नंतर इराकमध्ये सैनिकांची पिस्तुलं अडकू लागली. पिस्तूल ठीक होतं. सैन्याच्या कंत्राटातून आलेल्या काही मॅगझीनना गंजू नयेत म्हणून, सैन्याच्याच मागणीप्रमाणे, खरखरीत लेप दिला होता. त्या खरखरीत भिंतींना वाळवंटातली पिठासारखी वाळू चिकटून बसायची आणि काडतुसं वर सरकेनात. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझीन आल्यावर त्रास कमी झाला. १९११च्या परीक्षेत पिस्तूल धुळीत आणि चिखलात घालून पाहिलं होतं. नव्वद वर्षांनंतर तोच धडा नव्याने गिरवावा लागला, तोही माणसं रणांगणावर असताना.

काढलेलं मॅगझीन आणि उरलेली गोळी

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती पिस्तूल कधी हातातही न धरणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी आहे. आपली मुलं ज्या मित्रमैत्रिणींच्या घरी खेळायला, राहायला जातात, त्यांतल्या कित्येक घरांत पिस्तूल असतं.

मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असा फार मोठा गैरसमज आहे. मॅगझीन बाहेर काढलं तरी एक काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये बसलेलं असू शकतं. हाय पॉवर पिस्तुलात मॅगझीन काढल्यावर चाप चालूच नये अशी सोय केली होती. १९११मध्ये ती नाही, आणि आजच्या अनेक पिस्तुलांतही नाही. मॅगझीन टेबलावर पडलेलं असताना हातातल्या ‘रिकाम्या’ पिस्तुलातून गोळी सुटून माणसं, मुलं दगावल्याच्या घटना या देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत.

म्हणून आपल्या मुलांना तीन वाक्यं पाठ असावीत. पिस्तूल दिसलं तर हात लावायचा नाही. तिथून निघून जायचं. मोठ्या माणसाला सांगायचं. आणि “रिकामं आहे रे, मॅगझीन काढलंय” असं मित्र म्हणाला, तरी ते खरं मानायचं नाही. तसंच मुलाला दुसऱ्याच्या घरी पाठवण्यापूर्वी, “तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?” असं विचारायला संकोच करू नये. शेंगदाण्याची अॅलर्जी सांगताना आपण संकोचतो का? हाही त्याच जातीचा प्रश्न आहे, आणि इथले सुज्ञ शेजारी त्याचा राग मानत नाहीत.

ज्यांच्या घरी पिस्तूल आहे, त्यांनी ते कुलपात ठेवावं, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावीत, आणि कोणाच्याही हाती देण्यापूर्वी मॅगझीन काढून, स्लाइड मागे ओढून, चेंबरमध्ये डोळ्याने बघून आणि बोट घालून खात्री करावी. याच क्रमाने. आधी स्लाइड ओढून मग मॅगझीन काढलं, तर पेटीतलं पुढचं काडतूस आपसूक चेंबरमध्ये जाऊन बसतं, आणि आपण रिकामं समजून भरलेलं पिस्तूल खाली ठेवतो.

दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रं पुसून, गंध-फूल वाहून पुजतात. त्या पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी हत्यार बाहेर निघतं, साफ होतं आणि नीट जागच्या जागी ठेवलं जातं. इथल्या घरांत पूजा होवो न होवो, तेवढी तपासणी मात्र व्हायलाच हवी.